लेकरासाठी पहिली रायफल घेताना : मराठवाड्यातल्या पालकांसाठी

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने झाडायचा प्रकार) कांस्यपदक जिंकलं. तेव्हापासून परभणी, लातूर, नांदेड, बीडकडच्या ओळखीच्या पालकांचा एकच प्रश्न येतो : "पोराला पॉइंट टू-टू घ्यायची आहे, कोणती घेऊ?" लेकरू आठ-दहा वर्षांचं, उत्साह आभाळाएवढा, आणि हाताशी माहिती म्हणजे कुठल्या तरी परदेशी व्हिडिओत दहा वर्षांचं पोर बापाच्या शेतात .२२ चालवतंय एवढीच.

आमच्या लेकीसाठी आम्ही या सगळ्यातून गेलो. दुकानं, क्लब, कचेऱ्या, सगळं पाहिलं. पहिली रायफल पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ बोअरची काडतुसाची रायफल नसते, ती १० मीटरवरून हवेच्या दाबाने छरा सोडणारी एअर रायफल असते, असं माझं ठाम मत झालंय. आणि ती नाव बघून नव्हे, लेकराच्या अंगाला माप लावून निवडायची.

१. आधी कायदा समजून घ्या

पॉइंट टू-टूच्या काडतुसाला रिमफायर म्हणतात, कारण घोड्याचा मार बुडाच्या कडेवर बसतो. हे खरं अग्निशस्त्र आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे त्याला परवाना लागतो आणि २१ वर्षांखालच्या माणसाला परवाना मिळत नाही. लेकराच्या नावावर पॉइंट टू-टू घेणं हा विषयच संपला. मुभा एवढीच आहे की १२ वर्षं पूर्ण झालेलं मूल प्रशिक्षणापुरतं, जाणत्या परवानाधारकाच्या किंवा प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर ती चालवू शकतं. ती मुभा रेंजसाठी, म्हणजे नेमबाजीच्या मैदानासाठी आहे, शेतातल्या बांधावर नाही.

एअर रायफलचं वेगळं. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी) आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची हवेची बंदूक विनापरवाना घेता येते. स्पर्धेची एअर रायफल साधारण आठ ज्यूलची असते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली. दुकानात कुणी "थोडी दमदार घ्या, पॉइंट टू-टू बोअरची एअरगन आहे" म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. त्या बोअरच्या एअरगनला परवाना लागतो आणि ती १० मीटरच्या स्पर्धेत चालतही नाही.

२. विकत घेण्याआधी काही महिने क्लबच्या रायफलवर काढा

हा टप्पा कुणालाच आवडत नाही, विशेषतः दसरा तोंडावर असला की. खंडेनवमीला शस्त्रपूजेत नवी रायफल ठेवायची हौस मी समजू शकते, पण मुहूर्तासाठी घाई करू नका. कान आणि डोळे शाबूत असलेल्या प्रत्येक लेकराला पहिल्या दिवशी नेमबाजी आवडते. तिसऱ्या महिन्यात, जेव्हा रोज अर्धा तास गोळी न झाडता नुसतं उभं राहायला सांगतात, तेव्हा कोण टिकतं ते कळतं.

क्लब शोधायला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा. शालेय स्पर्धांमध्ये एअर रायफल असते, त्यामुळे आपल्या जिल्ह्यातून कोणत्या शाळांची, कोणत्या प्रशिक्षकांची मुलं उतरतात हे तिथे कळतं. क्लबवर गेल्यावर पदकांची कपाटं बघत बसू नका, खालच्या गोष्टी बघा :

- फायरिंग लाइनच्या पुढे कुणी असताना रायफलींना हात लावू दिला जातो का? चांगल्या रेंजवर त्या वेळी सगळ्या रायफली उघड्या, रिकाम्या, टेबलावर असतात.
- लहान मुलांना टेकू देऊन झाडू देतात, की पहिल्याच दिवशी मोठ्यांसारखं उभं करतात?
- प्रशिक्षक स्वतः रायफली विकतो का? विकत असेल तर सल्ला घ्या, पण खरेदीचा निर्णय आणखी एकाला विचारून करा.

शाळेत एनसीसी असेल तर आठवीत नाव घालायला विसरू नका. मराठवाड्यातल्या बहुतेक मुलांच्या हातात पहिली पॉइंट टू-टू येते ती एनसीसीच्या फायरिंगलाच, तीही कायदेशीर आणि शिस्तीत. शासनाची क्रीडा प्रबोधिनीही लक्षात ठेवा, स्वप्नील तिथूनच घडला.

३. कोणता डोळा, कोणता खांदा

उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा मुख्य डोळा डावा असू शकतो. घरीच पाहता येतं. लेकराला दोन्ही हात पुढे लांब करून पंजांमध्ये छोटी तिकोनी फट करायला सांगा आणि त्या फटीतून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लावा. मग एकेक डोळा झाकायचा. ज्या डोळ्याने घड्याळ फटीतच दिसतं तो मुख्य डोळा.

डोळा आणि हात एकाच बाजूचे असले तर प्रश्नच नाही. वेगवेगळे असले तर प्रशिक्षकासोबत बसून ठरवा. इतक्या लहान वयात डोळ्याच्या बाजूच्या खांद्यावर शिकवणं सोपं जातं, नाहीतर मागच्या साईटजवळ (साईट म्हणजे नेम धरायचं साधन) पट्टी लावून दुसरा डोळा झाकता येतो. हे रायफल घेण्याआधी ठरलं पाहिजे, कारण डावखुऱ्यांचा दस्ता, म्हणजे खांद्याला लागणारा मागचा भाग, वेगळा येतो. चष्मा असेल तर तोही आधी तपासून घ्या.

४. माप : सगळ्यात महत्त्वाचं

एका दुकानदाराने आम्हाला सांगितलं होतं, "मोठीच घ्या, पोरगी वाढतेच की." शाळेचा गणवेश घेताना हे चालतं, रायफल घेताना नाही.

नियमाप्रमाणे एअर रायफलचं वजन जास्तीत जास्त ५.५ किलो असू शकतं, आणि मोठ्यांच्या मॅच रायफली चार ते पाच किलोंच्या असतात. तीस किलोच्या लेकराने पाच किलोची रायफल धरणं म्हणजे आपल्या वजनाचा सहावा हिस्सा खांद्यासमोर पेलणं. सत्तर किलोच्या बापाने साडेअकरा किलो वजन तसं धरून निशाणाच्या मधल्या, दहा गुणांच्या ठिपक्यावर नजर ठेवून बघावी. तो ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

जड रायफल हातात आली की लेकरू काय करतं ते जवळून बघा. पहिल्या दोन-तीन गोळ्या नीट जातात. मग पोट पुढे येतं, कंबर मागून मोडल्यासारखी वाकते, डावं कोपर बरगडीवरून घसरतं, गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि नळीचं टोक गोल गोल फिरायला लागतं. टोक निशाणाच्या मधल्या काळ्या भागावरून जाताना दिसलं की ट्रिगर ओढला जातो. ही "पकडून मारायची" खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही. शिवाय वाढत्या पाठीच्या कण्यावर ताण पडतो तो वेगळाच.

म्हणून दुकानात किंवा क्लबवर हे क्रमाने करा :

अ) दस्त्याची लांबी. लेकराचं कोपर काटकोनात वाकवा. दस्त्याचं बूड कोपराच्या आतल्या खळीत ठेवा. पहिल्या बोटाचं टोकाचं पेर ट्रिगरवर सहज बसलं पाहिजे. बोट ताणावं लागत असेल तर दस्ता लांब आहे. ज्युनिअर रायफलीत बूडपट्टीखालच्या चकत्या काढून-घालून लांबी बदलते, ती किती कमी-जास्त होते हे विचारा. तुमचे पैसे किती वर्षं वसूल होणार ते त्यावर ठरतं.

आ) गालपट्टी. लेकराला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा, गाल आरामात टेकवायला सांगा, मग डोळे उघडू द्या. साईट समोर दिसली पाहिजे. मान लांब करून शोधावी लागत असेल तर गालपट्टी खालीवर होते का बघा.

इ) मूठ. अंगठ्यासकट पंजा मुठीभोवती सैल न राहता बसला पाहिजे. लहान पंजासाठी वेगळी मूठ मिळते.

ई) वजन. ज्युनिअर मॉडेलं साडेतीन किलोच्या आसपास मिळतात. दहा वर्षांखालच्या लेकराला तेवढीही उभ्याने देऊ नका. स्टँडचा किंवा टेबलाचा टेकू द्या. टेकूवर त्याला साईट, श्वास आणि ट्रिगर या तीनच गोष्टी शिकता येतात आणि पहिल्याच आठवड्यात काळ्यात गोळ्या दिसल्याने चेहरा खुलतो. उभं राहणं मागाहून येतं.

सगळं जुळल्यावर रायफल खांद्याला लावून लेकराला मनात वीसपर्यंत मोजायला सांगा आणि तुम्ही नळीचं टोक बघा. वीसच्या आत ते बेफाम हलायला लागलं तर ती रायफल आज घ्यायची नाही.

५. स्प्रिंगची की पीसीपी, ओपन की पीप

आपल्याकडे "छऱ्याची बंदूक" म्हणतात ती बहुतेक नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, भरायची स्प्रिंगची बंदूक. स्वस्त आणि टिकाऊ असते, गावातला मिस्त्रीही दुरुस्त करतो. पण लहान मुलासाठी तिच्यात तीन अडचणी आहेत. नळी मोडून स्प्रिंग दाबायला मोठ्यांचा जोर लागतो. छरा घालताना नळी हातातून सुटली तर ती फाडकन बंद होते आणि बोटं चिरडतात. आणि झाडताना आतला दट्ट्या पुढे धावून आपटतो, त्यामुळे छरा नळीत असतानाच रायफल हलते. मोठ्या माणसालाही तिच्यावर सारखा नेम लागायला वर्षं जातात. तरीही स्प्रिंगचीच घेणं भाग असेल तर दरवेळी मोठ्या माणसाने भरून द्यायची, नळी हातात घट्ट धरूनच छरा घालायचा आणि छऱ्याविना ती झाडायची नाही, आतलं सील जातं.

पीसीपी म्हणजे दाबलेल्या हवेची टाकी असलेली रायफल. भरायला हलकी, धक्का जवळजवळ नाही. आजच्या स्पर्धा याच रायफलीवर होतात. भारतात प्रेसिहोलच्या रायफली मिळतात आणि पहिल्या दोन-तीन वर्षांच्या शिक्षणाला त्या पुरेशा आहेत असं माझं मत आहे. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर, अन्शुट्झ ही परदेशी नावं उत्तमच, पण किंमत लाखांच्या घरात जाते आणि सुटे भाग मिळायला वाट पाहावी लागते.

ओपन साईट म्हणजे पुढे काडी, मागे खाच. पीप साईट म्हणजे मागे बारीक भोक, पुढे कडी. आपल्याकडच्या स्पर्धांत दोन्हींचे वेगळे गट असतात. ऑलिम्पिककडे जाणारा रस्ता पीपचा. सुरुवात ओपनने केली तर खर्च कमी आणि शिक्षण पक्कं होतं, म्हणून अशी रायफल बघा जिच्यावर पुढे पीप साईट बसवता येते. दुर्बिणीची साईट मात्र घेऊ नका, १० मीटरच्या स्पर्धेत ती चालत नाही.

६. हवा भरायची कुठे?

शहराबाहेर राहणाऱ्यांनी हा प्रश्न खरेदीच्या आधी सोडवा. पीसीपीची टाकी साधारण २०० बारपर्यंत (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) भरतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने ते होत नाही. क्लबकडे मोठा सिलिंडर किंवा खास कॉम्प्रेसर असेल तर उत्तम. नसेल तर हातपंप घ्या, ओलावा शोषणाऱ्या फिल्टरसह, कारण पावसाळ्यातली दमट हवा टाकीत आतून गंज धरते. शेवटचे पन्नास बार भरताना मोठ्या माणसाला घाम फुटतो, लेकराच्या भरवशावर ते काम सोडता येत नाही.

आणि हे ठळक अक्षरात वाचा : वेल्डिंगच्या दुकानातला किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन रायफलच्या टाकीत कधीही भरू नका. "हवाच आहे की" असं सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. दाबाखालचा ऑक्सिजन तेल-ग्रीसच्या संपर्कात आला की स्फोट होतो.

७. जुनी रायफल घेताना

पोरं वाढतात, रायफली रिकाम्या होतात, त्यामुळे जुनी ज्युनिअर रायफल मिळाली तर सोनंच. तीन गोष्टी तपासा. टाकीवर कोरलेली तारीख बघा, बहुतेक नामांकित कंपन्यांच्या टाक्यांचं आयुष्य दहा वर्षं असतं. मुदत संपलेली टाकी वापरायला धोकादायक, नव्या टाकीची किंमत आधी विचारून ती सौद्यातून वजा करा. टाकी भरून एक रात्र ठेवा, सकाळी काटा खाली आला असेल तर सील गेलंय. आणि मूळ बिल मागा, त्यावरचा क्रमांक रायफलवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे.

बिल नसलेली पॉइंट टू-टू "आजोबांच्या वेळची आहे, घरीच पडून आहे" म्हणून कुणी दाखवली तर हातसुद्धा लावू नका. विनापरवाना अग्निशस्त्र जवळ ठेवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

८. रायफलशिवायचा खर्च

छरे चपट्या तोंडाचे, ४.५ मिलिमीटरचे मॅच छरे घ्यायचे. कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं. पाचशेचा डबा येतो, लेकरू रोज साठ झाडत असेल तर आठवडाभरात संपतो. हा खर्च दरमहा चालू राहणार आहे, रायफलच्या किमतीपेक्षा आधी याचा हिशेब करा. जाडजूड शूटिंग जॅकेट पहिल्या वर्षी घेऊ नका, आणि पुढे घ्याल तेव्हा क्लबमधल्या मोठ्या मुलांचं लहान झालेलं विचारा. सपाट तळाचे बूट, डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि छरे अडवणारी लोखंडी पेटी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. छरे शिशाचे असतात. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात नाही, हा घरचाच नियम समजा.

९. कागदपत्रं

एअर रायफल घेताना :
- पालकाचं आधार आणि पत्त्याचा पुरावा (खरेदी पालकाच्याच नावे करा)
- पक्कं बिल, त्यावर मॉडेल, बोअर आणि अनुक्रमांक

स्पर्धेसाठी :
- जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, फोटो
- शालेय स्पर्धेसाठी मुख्याध्यापकांच्या सहीचा प्रवेश अर्ज
- राज्य स्पर्धेसाठी राज्याच्या नेमबाजी संघटनेशी संलग्न क्लबचं सदस्यत्व

जन्मदाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते आत्ताच बघा. आपल्याकडे निम्म्या मुलांचं जुळत नाही आणि ते प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी कळतं. स्पर्धेची प्रमाणपत्रंही मूळ स्वरूपात जपा, दहावी-बारावीच्या वाढीव गुणांसाठी आणि पुढे नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी ती लागतात.

नंदीग्राम किंवा देवगिरीने मुंबईला स्पर्धेला जाताना रायफल बंद पेटीत, छरे वेगळे, बिलाची प्रत आणि क्लबचं पत्र वरच्या कप्प्यात ठेवा. पोलिसांनी विचारलं तर शांतपणे कागद दाखवा, पेटी फलाटावर उघडायला लागू नये एवढं बघा.

१०. घरात

रायफल कुलपात, छरे दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडे. पाहुण्यांच्या पोरांना दाखवायची वस्तू नाही ती. लेकराला पहिल्या दिवसापासून चार गोष्टी पाठ करायला लावा : प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असं समजायचं, नळी कधीच माणसाकडे किंवा जनावराकडे नाही, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि निशाणाच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय झाडायचं नाही.

वाड्यात किंवा गोठ्याच्या शेडमध्ये दहा मीटर जागा सरळ मिळत असेल तर घरी सराव होतो. निशाणाचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर लावा, मागे छऱ्यांची पेटी आणि त्यामागे पक्की भिंत हवी. बाजूने दार असेल तर सरावाच्या वेळी ते आतून बंद. मे महिन्यात पत्र्याखाली बाराच्या उन्हात सराव नको, सकाळी सातच्या आत उरका. भरलेली टाकी बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

कबुतरं, होले, पोपट यांच्यावर छरा झाडायला कुणी मामा-काका लेकराला चढवत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. रायफल हातात घेऊन रील टाकणंही बंद. फोटोतली रायफल हवेची आहे की खरी हे बघणाऱ्याला कळत नाही आणि चौकशी पालकाच्या दारात येते.

११. पॉइंट टू-टूकडे कधी वळायचं

बारा वर्षं पूर्ण झाली, एअर रायफलवर उभ्याने साठ गोळ्या न ढेपाळता होतात, आणि प्रशिक्षक स्वतःहून म्हणतो, तेव्हा. आधी क्लबची रायफल वापरा. ५० मीटरची रेंज मराठवाड्यात सहज मिळत नाही, पुण्याला बालेवाडी किंवा मुंबईला वरळी गाठावी लागते, म्हणून सुट्ट्यांचं नियोजन आधी करा.

निवड करायची वेळ आली तर एकेक काडतूस हाताने भरायची बोल्ट ॲक्शन रायफल घ्या (बोल्ट म्हणजे नळीमागचा हाताने उघडायचा-बंद करायचा दांडा), मॅगझीनची, म्हणजे एकदम अनेक काडतुसं भरायची नको. एकच काडतूस असलं की लेकरू प्रत्येक गोळीनंतर थांबतं आणि बोल्ट उघडा दिसला की लांबूनही समजतं की रायफल रिकामी आहे. माप वर सांगितलं तसंच लावायचं. झोपून आणि गुडघ्यावर बसून झाडताना पट्टा वापरता येतो, त्यामुळे उभ्यापेक्षा वजन थोडं जास्त चालतं. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, दोन्ही सक्तीचं. पॉइंट टू-टूची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे मातीचा उंच बांध असलेली मान्यताप्राप्त रेंज सोडून कुठेही नाही.

स्वतःची घ्यायची तर परवाना पालकाच्या नावे. जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तांकडे. ओळख, पत्ता आणि वयाचे पुरावे, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला, क्लबचं सदस्यत्व आणि खेळाचा पुरावा जोडा, मग पोलीस पडताळणी होते. कारणाच्या रकान्यात "क्रीडा नेमबाजी" स्पष्ट लिहा, स्वसंरक्षण आणि पीकसंरक्षण यांची सरमिसळ करू नका. परवाना पाच वर्षांचा असतो. काडतुसांची संख्या त्यावर ठरलेली असते आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते.

रेंजवरून निघताना लेकराचे खिसे, जॅकेटचे कप्पे आणि किटबॅग स्वतः उलटीपालटी करून बघा. पॉइंट टू-टूचं काडतूस करंगळीच्या पेराएवढं असतं, अस्तरात सहज अडकतं. सोमवारी ते शाळेच्या दप्तरात निघालं तर परवाना तुमच्या नावावर आहे, उत्तरही तुम्हालाच द्यावं लागेल.